जित्या पोराच्या नावाने आंघोळ

माझ्या मुलाने त्याच्या जित्या पोराच्या नावाने आंघोळ केली. सकाळची वेळ होती. शर्ट-पँटीसकट मोरीत उभा राहिला आणि डोक्यावर बादली उपडी केली. नातू समोरच बॅग पायाशी ठेवून बुटाची नाडी बांधत होता. मोरीचं दार उघडं होतं. त्याला दिसावं म्हणूनच उघडं ठेवलं होतं.

मग सून मोरीत गेली. रडत गेली, पण गेली.

मुलगा ओल्या कपड्यांनीच माझ्याकडे आला. "आई, ऊठ. तूही घे अंगावर पाणी."

"कोण मेलं?"

"तुला माहीत आहे."

"तो तर बूट घालतोय."

"आई, मस्करी नको. पारोशी बसणार का?"

"बसते."

आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, हा त्या घरातला माझाच नियम. त्या दिवशी मी पुढच्या खोलीत बसून राहिले. सुनेने पाणीसुद्धा मला न शिवता वरून ओतलं. दुसऱ्या दिवशी आंघोळ केली ती रोजची.

घरातल्या कुणाचं नाव टाकायचं तर असं करतात. आमच्या साताऱ्याकडे करतात आणि आम्ही राहतो तिथले हे मद्रासचे लोकही करतात. एरवी आमटीत चिंच किती घालायची यावरही पटत नाही. यात बरं पटतं.

मुलगी बघायला जायचं ठरलं तेव्हा नातू म्हणाला होता, मला मुलगी नको, माझं एका मुलावर प्रेम आहे. तो मुलगा आम्हाला माहीत होता. मद्रासजवळच्या कोवलमच्या कोळ्याचा, नातवाच्याच ऑफिसातला. गणपतीला आमच्याकडे मोदक खाऊन गेलेला. तेव्हा माझ्याच मुलाने त्याला आग्रह करकरून वाढलं होतं.

दोघं मद्रासातच तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये राहायला लागले. मॅन्शन म्हणजे एकट्या पुरुषांच्या खोल्यांची इमारत. बायकांना वर सोडत नाहीत. मी बसने डबा घेऊन जायची आणि खाली वॉचमनच्या स्टुलावर बसायची.

"पाटी," तो म्हणायचा. पाटी म्हणजे आजी. "नातवाला घरी का जेवायला घालत नाही?"

"घरी तो मेलाय."

तो हसायचा. त्याला थट्टा वाटायची.

एके दिवशी त्या मुलाला निरोप आला, आई आजारी आहे, लगेच ये. तो कोवलमला गेला. आई धडधाकट होती. दारात मांडव घातलेला होता. लग्न लावून दिलं. त्या पोरीलाही कुणी काही विचारलं नव्हतं. पहिल्या दिवाळीला इकडे जावयाला सासरी बोलावतात, नवे कपडे करतात. कपडे शिवून आले होते. त्याआधीच त्याने जीव दिला.

मला फोन केला तो वॉचमनने. पोरगा दार उघडत नाही म्हणाला. मी गेले. जिना चढताना मला कुणी अडवलं नाही. दारावर थाप मारून म्हटलं, "मी आहे. उघड." पुष्कळ वेळाने उघडलं. दाढी वाढलेली, डोळे कोरडे.

"आजी, मलाही जायचंय," तो म्हणाला.

कुठे ते मी विचारलं नाही. चप्पल घालायला लावली आणि सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण तरुण होती. म्हणाली, "त्याला एकटं सोडू नका. लग्न केलं की सुधारेल असं कुणाला बोलू देऊ नका. तो जसा आहे तो आजार नाही. दुःख आहे, त्यावर औषध देते. बाकीचं घरच्यांनी करायचं."

तिथून त्याला घरी आणलं. आमचा वेस्ट मांबलमचा फ्लॅट नवऱ्याने माझ्या नावावर घेतला होता. शहाणपणाची त्याने केलेली ती एक गोष्ट. दार मुलाने उघडलं.

"ह्याला कशाला आणलंस?"

"तू आंघोळ केलीस ना? मग तुला हा दिसतो कसा?"

तो बाजूला झाला. त्यानंतर पोराशी बोलला नाही, अजून बोलत नाही. सून मात्र रोज पोराच्या खोलीच्या दाराशी भाजी निवडत बसायची. काही विचारायची नाही. बरेच दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. मग एकदा उठला, तिच्याजवळ बसला आणि शेंगा सोलायला लागला. तिने परात त्याच्याकडे सरकवली.

पोंगल झाल्यावर त्या मुलाची आई आली. मासे विकून तशीच आली होती, टोपली बरोबर. जिन्यातच बसली. मी हाताला धरून आत आणलं.

"अम्मा, तुझ्या पोराचंही तेच होतं?" तिने विचारलं.

"हो."

"मग तू काय केलंस?"

"घरात ठेवला."

"एवढंच?"

"एवढंच."

ती टोपलीकडे बघत राहिली. "तेवढं मीही केलं असतं. मला वाटलं, लग्न लावून द्यायचं असतं."

नातू चहा घेऊन आला. तिने कप घेतला नाही. त्याचा हात धरला आणि तो हात आपल्या गालाला लावून बसली. तो उभाच होता. मी कप त्याच्या हातातून काढून घेतला.

दोघांतला एक जगला. तो माझा.