सेटरची कवळी

मी चौथीपर्यंत शिकलो. इंग्रजीतला एकच शब्द मला नीट येतो, आणि तो कुणी शिकवायची गरज नाही. सेट. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं सेटर होतो. लेथ मशीनवर कापायचं हत्यार बसवायचं, पहिला नग काढायचा, मोजायचा, केसभर इकडेतिकडे करायचं आणि जमलं की नटावर पिवळा ठिपका द्यायचा. ठिपका दिल्यावर साहेबानेसुद्धा हात लावायचा नाही. त्याला म्हणायचं सेट.

आता घरात हा शब्द कुणीही कशालाही लावतं. सून म्हणते, दही सेट झालं नाही. मुलगा टीव्ही सेट करतो, म्हणजे रिमोट आपटतो. नात केस सेट करते तोवर न्हाणीघर अडलेलं. शेजारी सांगतात, पोरगा परदेशात सेट झाला. तो तिकडे दर वर्षी घर बदलतोय. सोसायटीचं काम अडलं की म्हणे सेटिंग लावा. अरे, जे हलतंय ते सेट कसं? मी ओरडतो, कुणी ऐकत नाही.

त्यात गेल्या महिन्यात नातीचं लग्न सेट व्हायला आलं. मुलगा कल्याणचा. बोलणी रविवारी, डोंबिवलीत आमच्याच घरी. चार-पाच दिवस आधी नात माझ्याजवळ येऊन बसली.

"आजोबा, त्यांना एक सांगाल? लग्नानंतर मी नोकरी सोडणार नाही. रोज ठाण्याला जाणार म्हणजे जाणार."

"तुझा बाप मेला का?"

"पप्पा म्हणतात, आधी जमू तर दे, मग बघू."

माझा मुलगा तसाच. रिक्षावाल्याला 'इथे थांबव' म्हणायला घाबरतो आणि पुढच्या गल्लीतून चालत परत येतो. मी म्हटलं, "मी सांगतो. शब्द दिला."

पण माझी वरची कवळी नवी होती आणि हिरडीला टोचत होती. नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ती देतानाच बजावलेलं, "काका, दुखलं तर माझ्याकडे या. घरी काही करू नका." लोखंड केसभर काढणाऱ्या माणसाला हे सांगायचं? बुधवारी दुपारी मी गॅलरीत बसलो. कारखान्यात दोन भाग बसत नसले की एकाला निळी शाई लावायचो. दुसऱ्यावर जिथे शाई उमटते तिथे अडतं, तिथेच घासायचं. तेच केलं. कवळीला शाई लावली, तोंडात दाबली, डाग पाहिले आणि बारीक कानस चालवली.

बायको बाहेर आली. "अहो, तोंड निळं झालंय तुमचं!"

"काम चाललंय."

टोचणं थांबलं. पण बोलायला तोंड उघडलं की कवळी खाली यायला लागली. शुक्रवारी नौपाडा गाठला. बाईंनी कवळी उलटसुलट पाहिली.

"काका, काठ घासलात. काठामुळेच ती धरते. आता आत हवा शिरणार."

"मग सेट करा परत."

"नवीनच करावी लागेल. दहा दिवस."

घरी कुणाला बोललो नाही. शनिवारभर मला एका जागी बसवेना. स्वयंपाकघर, गॅलरी, परत आरसा. दात आवळून 'नोकरी' म्हणून पाहिलं. कवळी टाळ्यावरून सुटायचीच. नात दोनदा विचारून गेली, "लक्षात आहे ना?" मी मान हलवली.

रविवारी कल्याणचा मुलगा आणि त्याचे आईवडील आले. पोहे झाले, हवापाणी झालं. मुलाचे वडील म्हणाले, "चला, हॉलची तारीख सेट करून टाकू." नात माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडलं आणि कवळी जिभेवर आली. सगळ्यांसमोर ती काढून रुमालात गुंडाळली आणि बोळक्या तोंडाने सांगितलं.

मुलाच्या आईने विचारलं, "काय म्हणाले आजोबा?"

माझ्या बायकोला माझं बोलणं कळलं होतं. तरी ती म्हणाली, "चहा विचारतायत."

मी परत सांगितलं, मोठ्याने. सून घाईने चहा टाकायला उठली. मग मी टेबलावर हात आपटला आणि माझ्या मुलाकडे बोट केलं. "तू सांग."

तो पांढरा पडला. रुमालाने मान पुसली. "बाबा म्हणतायत की..." तिथेच अडकला. एकदा नातीकडे पाहिलं. "बाबा नाही, मीच म्हणतोय. लग्नानंतर ती नोकरी सोडणार नाही."

मुलाच्या आईने बशी खाली ठेवली. "घरी किती वाजता येते?"

"साडेसात," माझा मुलगा म्हणाला.

मी खुर्चीत पुढे सरकलो. महिनाअखेरीला नऊ वाजतात, तेही आत्ताच सांगून टाक, असं मला म्हणायचं होतं. तोंड उघडेपर्यंत त्यानेच ते सांगितलं.

"मग त्या दिवसांत कुकर तू लाव," त्या बाई आपल्या मुलाला म्हणाल्या आणि नातीला विचारलं, "तुला भात मऊ लागतो की मोकळा?"