कॅनमध्ये वाकून बघणारे मामा

आमच्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही पातळ पदार्थावर विश्वास ठेवला नाही. गेवराईकडच्या त्यांच्या गावात सहकारी दूध संस्था निघाली तेव्हापासून दुधाची तपासणी त्यांच्याकडे होती, आणि पांढरे काहीही समोर आले की त्यात पाणी असणारच असे धरून ते कामाला लागत. माझ्या लग्नात मी पाया पडलो, तर आशीर्वाद द्यायच्या आधी त्यांनी माझ्या हातातला मसाला दुधाचा पेला काढून घेतला आणि उजेडात धरून पाहिला. दुष्काळात तर त्यांच्या संशयाला ऊत आला. टँकर चार-चार दिवस यायचा नाही, आणि इकडे संस्थेत दुधातले पाणी दाखवणाऱ्या लॅक्टोमीटरवर कुणाच्या दुधाची डिग्री कमी भरली की मामा कडाडत, "गावात प्यायला पाणी न्हाई, अन् तुज्या दुधात कुठून आलं बे?" टँकरवालाही सुटला नाही. तोच लॅक्टोमीटर बुडवून टँकरमध्ये पाणीच असल्याची त्यांनी खात्री करून घेतली, मगच बायकांना हंडे लावू दिले.

पुढे त्यांना आमवात जडला. सकाळी बोटांचे सांधे सुजून असे आखडत की नमुन्याची बाटली धरवेना. मामांनी आधी गादीवर, मग मामींच्या कढीवर संशय घेतला. शेवटी मी त्यांना बीडला एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाईंनी बोटे पाहिली, रक्तदाब घेतला आणि छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला सांगितली. मामांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच आत्ता कुठेतरी पाणी मिसळून आलो होतो.

"दुखतेत बोटं, अन् छाती कावून तपासता?"

"मामा, ही सूज सांध्यांपुरती राहत नाही," बाई म्हणाल्या. "आतल्या आत रक्तवाहिन्याही खराब करते. त्यात तुमचा रक्तदाब वाढलेला, वर तंबाखू. आमवाताच्या माणसानं हृदयाला जास्त जपायचं."

मामांनी तंबाखूची पुडी खिशात खोल ढकलली. रक्त घेताना त्यांनी संस्थेचा नियम पुढे केला. नमुना दोन बाटल्यांत, तपासणी दोन ठिकाणी. बाईंनी हसून तेही ऐकले. दोन्हीकडे कोलेस्टेरॉल सारखेच वाढलेले निघाले. दोन्ही कागद शेजारी ठेवून मामा बराच वेळ बघत बसले, आणि मग माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पाव्हणं, दोगं तपासणीवाले एक झालेत." सांध्यांच्या गोळ्या तेवढ्या त्यांनी चालू ठेवल्या, रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या फडताळात गेल्या.

त्या उन्हाळ्यात त्यांचा डावा खांदा दुखू लागला. "वात वर सरकला," मामा म्हणाले, आणि मलाही ते पटले. हे लिहिताना आज लाज वाटते.

बोटे कामातून गेली आणि तपासणी दुसऱ्याकडे गेली, तरी रोज सकाळी संस्थेत जाऊन नव्या तपासनिसावर नजर ठेवणे सुरूच होते. आता तर ते वाटेतल्या ओट्या-ओट्यापाशी थांबून लोकांच्या कॅनमध्ये वाकून बघू लागले. गाव वैतागले. आम्ही सगळे हसलो. मामी तेवढ्या हसल्या नाहीत. एका सकाळी त्यांचा फोन आला.

"जावईबापू, लवकर या. आज ते कोपऱ्यावरच्या घरापाशी बी थांबले. त्या लोकांनी तर दुष्काळात चारा छावणीतूनच म्हैस इकली. कॅन न्हाई, दूध न्हाई. मग भिंत धरून हे काय बघत होते?"

जन्मभर दुसऱ्यांची चोरी पकडणाऱ्या माणसाची चोरी मामींनी पकडली होती. मामांना दहा पावलांवर दम लागत होता, आणि ते तो कॅनमध्ये वाकून लपवत होते. त्याच दिवशी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेले. हृदयाच्या दोन नसा बुजत आल्या होत्या. जाळ्या बसवल्या. खाटेवर पडल्या पडल्या मामा छताकडे बघत म्हणाले, "भेव वाटलं पाव्हणं, म्हून लपिवलं. त्या बाईचं खरं निघालं तर?" एवढ्या वर्षांत मला त्यांची इतकी माया कधी आली नव्हती.

आता तंबाखू सुटली आहे. गोळ्या मामी समोर बसून गिळायला लावतात आणि वर तोंड उघडून दाखवायला सांगतात. मामा सकाळी निघाले की त्या दारात उभ्या राहतात. वाटेवरून "पाणी हाय बे ह्याच्यात!" असा आवाज आला, की मगच आत वळतात.

परवा मी तिथेच होतो. मामा एका ओट्यापाशी थांबले, वाकले, आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मामींनी माझे मनगट घट्ट धरले. मग तो आवाज आला, चांगला शिवीसकट.

"असंल बाई पाणी," मामी डोळे पुसत म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.