एकसारखा आवाज

धुळ्याहून मावशीचा व्हॉइस मेसेज आला की आई तो फोनवर ऐकत नसे, ब्लूटूथच्या छोट्या स्पीकरवर लावत असे. आम्ही एरंडोलला राहतो. मावशी ही आईची धाकटी बहीण. काका गेल्यावर ती धुळ्याला मुलाकडे, म्हणजे मुला-सुनेच्या संसारात राहायला गेली. मेसेज येई तेव्हा शेजारच्या बायकाही जमत, कारण मावशी सुरुवातीला प्रत्येकीची विचारपूस करायची.

त्या मेसेजनं मला अक्षरशः वैताग आणला होता. पहिल्या अर्ध्या भागात आवाज एवढा मोठा की तो मुठीएवढा डबा थरथरायचा, आणि मग आवाज एकदम तळाला जायचा. आई स्पीकर बंद करून फोन कानाला लावायची आणि पाठ फिरवून बसायची. मला वाटलं, आईला कमी ऐकू येऊ लागलंय. मग वाटलं, स्पीकरच स्वस्तातला आहे. नवा आणला. तोही तसाच. मग मावशीचा फोन बिघडला असेल म्हणून मावसभावाला विचारलं, तर तिच्या फोनवरून इतरांना सगळं खणखणीत जात होतं. मग बिघाड आहे तरी कुठे, हे काही केल्या मला कळेना.

मी जळगावला ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात तपासणीला आहे. नळीच्या पहिल्या छिद्रातून जितकं पाणी पडतं तितकंच शेवटच्या छिद्रातून पडतं की नाही, एवढंच दिवसभर बघतो. कमी-जास्त दिसलं की माझं डोकं फिरतं. कारखान्यातल्या एकाने सांगितलं की छोट्या स्पीकरला बारीक आवाज पेलत नाही, पण एक ॲप मिळतं, ते मोठा आवाज दाबतं आणि बारीक आवाज वर उचलतं. मी ते आईच्या फोनवर टाकलं. आईला विचारलं नाही. तिच्या सोयीसाठीच तर करत होतो, विचारायचं काय?

उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, थापायला आठ-दहा बायका बसल्या होत्या. त्यांत मावशीच्या सुनेची आत्याही होती, ती आमच्याच गल्लीत दिलेली. आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. मेसेज आला तसा मीच मोठ्या ऐटीत स्पीकर लावला. विचारपूस झाली, हसणं झालं, आणि एरवी आवाज जिथे खाली जायचा तिथे तो गेलाच नाही. तेवढ्याच खणखणीत आवाजात मावशी म्हणाली, "अक्का, माले आठे करमत नही. सून जेवाले वाढस, पण बोलत नही. तुनाकडे ऱ्हावाले येऊ का? कोणले सांगू नको."

आई पिठाच्या हातांनी उठली, पण तोवर मेसेज संपला होता. सुनेच्या आत्याने हातातला बिबडा ओल्या फडक्यावरून उचलून उन्हात टाकला, हात धुतले आणि ती खाली उतरली. संध्याकाळच्या आत धुळ्याला सगळं कळलं.

मला अजूनही नीट कळत नव्हतं. मी आईला म्हटलं, "पण ती एवढं हळू का बोलायची? मला वाटलं मशीनचा दोष आहे."

आईने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "भाऊ, तुले सांगाजोगं ऱ्हातं तर ती हळू कसाले बोलती?"

मग तिने सांगितलं. सून स्वयंपाकघरात गेली की मावशी फोन तोंडाजवळ धरून पुटपुटायची. आईने तिला बिबड्यांच्या निमित्ताने बोलवायचं आणि हळूहळू इथेच ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. बिबडे करायला बहीण आली आणि राहिली, यात कुणाला काही वाटलं नसतं. आता मात्र मावशी आली असती तर सुनेने घराबाहेर काढलं असंच लोक म्हणाले असते, आणि मुलाला ते सहन झालं नसतं. मला भयंकर लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. मला आधी कुणी सांगितलं का नाही? पण सांगायचं तरी काय होतं, हेही मला उमगेना.

मी ते ॲप त्याच दिवशी काढून टाकलं. तरी आईने "बिबडे कराले ये" असा निरोप पाठवलाच. आठ दिवसांनी उत्तर आलं. आई एकटीच होती, तरी तिने स्पीकर लावला, फोन कानाशी नेला नाही.

"अक्का, माले येवाले जमनार नही. मी आठे मजामा शे. सून मनी भलती काळजी लेस. बठ्ठासले सांग."

सगळ्यांना सांगायचा तो मेसेज आईने पुन्हा लावला, मग आणखी एकदा. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मावशीचा आवाज कुठेच खाली गेला नाही.