माझ्या वावरातली चिवळ

हसाल तुम्ही, माहीत हाये मले. हसा! पण आधी चहा पिऊन घ्या, कारण अर्ध्यावर तुम्हाले माझा राग येईल. मले तं अजून येते.

रिटायर झाल्यावर माणसाले एक रोग लागते, शहाणपणाचा. मले तो दुसऱ्याच महिन्यात लागला. राहणं आमचं वर्ध्याजवळ बोरगाव मेघेले, अन् आंजीले चार एकर वावर. सारी उमर मी नोकरी केली, वावर पाह्यलं ते मजुरीनं येणाऱ्या सुमनबाईनं. कागदावर नाव माझं, पण निंदण अन् वेचणी सारी तिच्या हातची. तिच्यासंग आठ बाया. फोनही करा लागत नव्हता. पाण्यानं उघाड दिली की बाया वावरात हजर!

आता अशा बाईले कोणी दुखवते का? मी दुखवलं. अन् कायच्यासाठी? चिवळीसाठी!

चिवळ पाह्यली हाये ना? जमिनीले चिपकून पसरते, बारीक गुबगुबीत पानं, लालसर दांड्या. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासात आपोआप उगवते. तणच ते! बाया निंदता निंदता ती वेगळी काढत, ओच्यात टाकत अन् घरी जाऊन मूगडाळ घालून भाजी करत. माझ्या बापाच्या काळापासून असंच. निंदणारीच्या ओच्यातली भाजी तिची, खलास. याच्यात विचारासारखं काही होतं का?

पण आमच्या समोर एक मॅडम राह्यले आल्या, पुण्याच्या. एक दिवस मोबाईल घेऊन फाटकाशी उभ्या.

"अहो भाऊ, तुमच्याकडे चिवळ मिळते का हो? फार औषधी आहे म्हणे! पोट साफ होतं, उष्णता कमी होते, तोंड आलं तर गुणकारी, मूळव्याधीवर सुद्धा देतात. आणि माशात जे चांगलं तेल असतं ना, तेही हिच्यात असतं म्हणे!"

"मिळते का म्हणजे? माझ्या वावरात चिवळच चिवळ हाये! रविवारी साऱ्या गल्लीले आणून देतो!"

बायको आतून म्हणे, "तुम्ही ओळखता तरी का चिवळ? मागच्या वर्षी गाजरगवताले सांबार-कोथिंबीर म्हणून राह्यले होते!"

मी लक्ष नाई देलं. दुसऱ्या दिवशी वावरात गेलो अन् धुऱ्याच्या बांधावर उभा राहून फर्मान सोडलं, "सुमनबाई, आजपासून चिवळ घरी न्यायची नाई."

"काऊन भाऊ?"

"औषध हाये ते."

"हाये ना! आमच्या बुढ्याले उन्हाळी लागली, लघवीले आग होते, चैन नाई पडत. तीन दिवसापासून चिवळीचाच रस पाजून राह्यली मी त्याले."

इथं तरी माणसानं थांबावं का नाई? पण मले वाटलं, पाहा, मॅडमच्या यादीत हा गुण नव्हताच! बुढा गेला बाजूले, मी इकडे खूश!

"बरं, तू मूठभर ने," मी म्हणलं. मोठ्या मनानं! अन् पोतं अंथरलं.

एकही बाई भांडली नाई. भांडल्या असत्या तं बरं झालं असतं. एकेक आली, ओचा पोत्यावर सोडला, गेली. सुमनबाई शेवटी आली. तिनं ओचा असा झटकला का एक पान राह्यलं नाई.

"मूठभर घे ना," मी म्हणलं.

"राहू द्या भाऊ. तुमचं औषध हाये."

अन् मले काय वाटलं, सांगू? वाटलं, किती समजदार बाई हाये!

ते ओलं पोतं मी तोंड बांधून ठेवलं. रविवारी सोडलं तं आत काळा चिकट लगदा अन् असा वास का बायकोनं नाकाले पदर लावला. "पुढच्या रविवारी आणतो," मी मॅडमले म्हणलं. पण सोमवारी वावरात बायाच नाई. फोन केला.

"कुठं हायेस सुमनबाई?"

"दुसऱ्याच्या वावरात हाओ भाऊ."

"मंग माझ्याकडे कधी?"

"पाहू ना."

आपल्याकडे 'पाहू ना'चा अर्थ काय होते, हे तुम्हाले कायले सांगू? गावातल्या दुसऱ्या बायाही आल्या नाई. आंजीत बातमी माझ्या गाडीच्या आधी पोचली होती. मंग मी अन् बायको इळे घेऊन बसलो. दोन तासांत, म्हणजे पऱ्हाटीच्या दोन ओळींत, माझी कंबर धरली. तिसऱ्या दिवशी पाण्याची झड लागली, आठ-दहा दिवस हटली नाई. उघडली तवा तण गुडघ्याच्या वर अन् पऱ्हाटी खाली पिवळी पडलेली. यंदाचं पीक गेलं, हे मले धुऱ्यावरूनच दिसलं.

चिवळ तरी होती का? औषधाले नाई! बायको म्हणे, "तिले मोकळी जमीन लागते. बाया निंदत होत्या म्हणून तुमच्या वावरात चिवळ होती."

अन् इकडे मॅडम रोज विचारे. शेवटी एका रविवारी मी चुपचाप वर्ध्याच्या बाजारात गेलो, चिवळ इकत घ्याले. भाजीच्या ओळीत शेवटी पोतं टाकून कोण बसलं होतं? सुमनबाई! समोर चिवळीचा ढीग. मागं फिरावं म्हणलं, पण तिनं पाह्यलं होतं.

"या भाऊ."

"बुढा कसा हाये?"

"बरा हाये आता."

"चुकलं माझं, सुमनबाई." मी तिच्या पोत्यापाशी उकिडवा बसलो. "वावरात येशीन का?"

"आता काय निंदाचं राह्यलं त्याच्यात?" तिनं रागानं नाई म्हणलं. तेच जास्त लागलं. तिनं पिशवी काठोकाठ भरून देली अन् मी पैसे काढले तं हात मागं घेतला. "राहू द्या. तुमच्या बापानं कधी आमच्या ओच्याकडे पाह्यलं नाई. त्याईच्या नावानं घ्या."

ती पिशवी घेऊन मी गल्लीत आलो. मॅडमनं चिवळ हातात घेतली, उलटीपालटी करून पाह्यली.

"अगं बाई! किती निगुतीनं निवडलीय! मातीचा कण नाही. तुमच्या शेतातल्या बायकांनीच ना?"

खरं सांगाले तोंड उघडलं होतं मी. देवाशप्पथ, उघडलं होतं.

"अशी माणसं मिळत नाहीत हो हल्ली," मॅडम म्हणे. "जपा हं त्यांना."

"हो ना मॅडम," मी म्हणलं. "जपतोच मी."