फोनवरचा हुंकार

आबा रोज संध्याकाळी गावाहून फोन करतात आणि एखादी गोष्ट सांगतात. ते शाळेत कधी गेले नाहीत. गोष्टी साऱ्या तोंडपाठ. काल मी फोन होस्टेलच्या खिडकीत ठेवला, पुस्तक उघडलं आणि अधूनमधून "हं" म्हणत राहिले.

"ऐकतीयास न्हवं?"

"हो आबा, सांगा की."

एरवी आबांच्या राजाचा घोडा सजायलाच किती वेळ लागतो. खोगीर, लगाम, गळ्यातले घुंगूर. काल मात्र राजा घोड्यावर बसला, लढाई जिंकला आणि घरीही आला.

"संपली बग. कर अब्यास."

खरं सांगते, मला बरंच वाटलं. मग पुस्तकात वाचलं, की प्राचीन ग्रीसमधले गायक न लिहिता महाकाव्यं गात. ऐकणारे रंगले की वर्णन वाढत जाई. ते कंटाळलेले दिसले की गायक गाणं आवरतं घेई.

आबांना तर माझा चेहराही दिसत नव्हता. नुसत्या "हं"वरून त्यांनी ओळखलं असावं.

आज मीच फोन लावणार आहे. पण "कालची पुन्हा सांगा" म्हणायचं, तर काल ऐकली नव्हती हे कबूल करावं लागेल. ते त्यांना ठाऊकच आहे. तरी जीभ रेटत नाही.