खांबाचा हिरवा कोपरा

बाबांची उभी हयात मुरबाडजवळच्या एका लोखंडाच्या कारखान्यात भट्टीपुढे गेली. वितळलेल्या लोखंडावरची मळी काढायची आणि मागच्या ढिगावर नेऊन टाकायची, हेच त्यांचं काम. त्यामुळे टोकावड्याला आमच्या घराचं बांधकाम काढलं आणि मामाने स्लॅग सिमेंटच्या गोणी उतरवल्या, तेव्हा त्यांचं डोकंच फिरलं. स्लॅग म्हणजे मळीच की!

"जो कचरा मी जलमभर फेकला, तोच माज्या घरात घालतोस?"

मामा गवंडी, आईचा धाकटा भाऊ. ही मळी वेगळ्या भट्टीतली, पाण्याने विझवून बारीक दळलेली, असं त्याने परोपरीने सांगितलं. "थंडीत घट्ट व्हायला टाइम लागतो, भावोजी. पन मग दगड. खांबाभवतीच्या फळ्या मी सांगन तवाच काढा."

बाबा कसले ऐकतात! खांब ओतून मामा म्हसा गावच्या जत्रेला गेल्याचं पाहून त्यांनी खांबाची फळी उचकटली आणि कोपऱ्यावर हातोडा घातला. कोपरा ढासळला. आतून चक्क निळसर हिरवा! मामा परतला तोवर अर्धा गाव जमला होता. "भेसळ केलीस. चोर हायस तू," बाबा सगळ्यांदेखत म्हणाले. आईने पुढे केलेला चहा तसाच ठेवून मामा थापी घेऊन निघून गेला. आई त्या दिवशी जेवली नाही. तिचं माहेर म्हणजे तेवढा एक भाऊच उरला होता. मला बाबांचा भयंकर राग आला, आणि कीवही आली. ज्या ढिगाच्या धुराने छाती पोखरली, त्यावर हा माणूस विश्वास कसा ठेवणार?

हवा लागून थोड्याच दिवसांत तो हिरवा रंग उडाला. खांब नेहमीसारखा करडा दिसू लागला. बाबांनी खिळ्याने ओरखडून पाहिलं, तर खिळाच वाकला. मग त्यांनी खांबाला गोणपाट गुंडाळलं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारू लागले.

एकदा रस्त्याने जाताना मामाला ते ओलं गोणपाट दिसलं. राहवेना म्हणून आत आला.

"पानी कोन मारतं गो, ताई?"

"ज्यांनी तुला चोर म्हटलं, तेच."

बाबा बादली घेऊन मागेच उभे होते. "चुकलो रे," ते म्हणाले. "मानसांत बोललो होतो. आता मानसांतच सांगतो."

"ऱ्हाऊ द्या, भावोजी. ताई, च्या टाक."

आई डोळे पुसत आत वळली. बाबा मात्र ओल्या पायांनी तसेच लोकांना बोलवायला निघाले होते.