नळीच्या काठावरचा लाल ठिपका

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, शिंदे घाटावर ज्याच्या गप्पांपायी लोक हातातला चहा गार होऊ देतात, त्या इसमाने एक गोष्ट आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

हसलात? हसा. मी मात्र दाराला कडी लावून लिहितोय.

आमच्या प्रयोगशाळेत जिवाणूंच्या रायबोसोमचं काम चालतं — रायबोसोम म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणारी इवलीशी यंत्रं. त्यांचा सांगाडा आरएनएच्या धाग्याचा. तो आधी लांब, कच्चा निघतो. काही मदतनीस प्रथिनं त्याला धरतात, तेव्हा कुठे तो नीट कापला जाऊन यंत्र जुळतं. माझी ज्युनिअर वसुधा अशाच एका प्रथिनामागे तीन वर्षं होती. ते काढून टाकलं की धागा कच्चाच राहतो, एवढंच तिला दाखवायचं होतं. सरांनी दोनदा मुदत वाढवलेली. हा शेवटचा प्रयोग.

आरएनए फार नाजूक. बोटाचा घाम, थुंकीचा शिंतोडा — संपलं. म्हणून तिथे हातमोजे, मास्क आणि तोंड बंद. तोंड बंद — आणि मी? गालात मघई पान, मास्क हनुवटीवर, आणि काकांच्या उलटलेल्या नावेची गोष्ट ऐन रंगात. वसुधा हसत हसत बर्फ आणायला गेली. आरएनएच्या नळ्या उघड्याच. एकीच्या काठावर मला लाल ठिपका दिसला.

मी काय केलं? — बोटानं पुसला. उघड्या बोटानं. झाकण लावलं. ती परतल्यावर गोष्ट पुढे नेली.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या जेलवर — धागा अख्खा असेल तर तिथे ठळक पट्टे उमटतात — त्या नळीचा एकही पट्टा उमटला नाही, नुसता धूसर ओघळ. ती एक नळी गेली आणि अख्खा प्रयोगच गेला. सरांनी एकेकाला विचारलं. नेमणूक तेव्हा कच्ची होती माझी. मी म्हणालो, नळ्या वसुधानंच उघड्या ठेवल्या होत्या. खोटं होतं का ते? नव्हतं — म्हणून तर खपलं. तिनं स्वतःच होकारार्थी मान डोलावली. महिन्याभरात संशोधन सोडून गेली.

तेव्हापासून कुणी मागून हाक मारली तरी दचकतो मी.

गेल्या कार्तिकात दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्यांवर ती नवऱ्यासोबत समोर आली. तिला कळलं असेल? आता, इथे, सगळ्यांदेखत बोलेल? मी गर्दीत शिरणार, तोच नवऱ्याला ओढत ती पुढे आली आणि बोलून गेली,

“अहो, हेच ते दादा. त्या लॅबमधलं एक यांचंच हसवणं आठवतं मला, बाकी सगळं माझ्याच हातानं घालवलं.”